अण्णांचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या हिशेबाची सभा झाली तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खतावणी आणि पावतीपुस्तकं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "एकोणीस वर्षं बघितलं. आता तरुणांनी बघावं." आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल, श्रीफळ झालं. मीही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि घरी येताना नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "बघ, वेळेवर बाजूला होणं अण्णांना जमलं." तेव्हा मला काही कळलेलं नव्हतं.

कळलं ते डिसेंबरात, आणि तेही वर्तमानपत्रामुळे. आमच्या इच्छापोरच्या घरी सकाळी सहा वाजता पेपर येतो. हजिरा रोडवरून ट्रकची रांग सुरू झालेली असते, नवरा पहिल्या पाळीला गेलेला असतो आणि अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून पेपर उघडतात. त्या दिवशी पेपरवाला आलाच नव्हता. टीपॉयवर कालचा अंक पडला होता. अण्णांनी तो उचलला, पाऊण तास पानं उलटली, नीट घडी घातली आणि नेहमीसारखं म्हणाले, "आज विशेष काही नाही."

मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. पहिल्या पानावर काल आम्ही दोघांनी बोललेली बातमी होती.

अण्णांना काचबिंदू आहे हे घरात माहीत होतं. रोज रात्री थेंब घालायचे, सहा महिन्यांनी दाब तपासायचा, एवढंच आमचं 'माहीत असणं'. आई असत्या तर त्यांच्या लक्षात आलं असतं, पण त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. डॉक्टरांकडे जाऊन दृष्टिक्षेत्राची तपासणी केली, ती ज्यात समोर एकेक ठिपका उजळतो आणि दिसला की बटण दाबायचं असतं. एका डोळ्याचा कागद जवळजवळ काळा आला. दुसऱ्यात मधे थोडं उरलं होतं, तेही धुरकट. मोतीबिंदूचं बरं असतं, ऑपरेशन केलं की दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याची शीर मरते, आणि जेवढी गेली तेवढी गेली. थेंब फक्त उरलेलं टिकवायला असतात. शिवाय तो कडेकडेने, न दुखता येतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. सख्ख्या नात्यात धोका जास्त असतो, तेव्हा नवऱ्यालाही तपासून आणलं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी काचबिंदू असेल तर चाळिशीच्या आसपासच्या मुलामुलींनी एकदा डोळे दाखवून यावेत. एवढाच उपदेश, पुढे नाही.

घरी आल्यावर मी अण्णांना विचारलं, सांगितलं का नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटच्या वर्षी मी सहाचा आठ वाचला. दोन हजार रुपयांचा फरक आला. रात्रभर बसलो, सापडेना. शेवटी खिशातले घातले आणि ताळा जुळवला." मी म्हटलं, सांगायचं ना कुणाला तरी. ते म्हणाले, "काय सांगू? मंडळाचा पैसा. डोळ्याने चूक झाली की हाताने, हे लोक विचारत नाहीत."

आता माझ्याबद्दल थोडं, कारण ते इथे लागू आहे. मी बी.ई. आहे, बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यातली शेवटची पाच घरूनच. लोकांच्या वेबसाइटची पानं, फॉर्म, बटणं बनवणं हे माझं पोट आहे. स्क्रीन रीडर नावाची गोष्ट असते हे मला माहीत होतं. ती कधी चालवून मात्र पाहिली नव्हती.

पहिला प्रयत्न मी वाया घालवला. तो कसा, ते सांगते, कारण तुम्हीही तेच कराल. रविवारी सकाळी मोठा मॉनिटर आणला, अक्षरं चौपट केली. अण्णा म्हणाले, "आता एका वेळी अर्धाच शब्द दिसतो." मग दुपारी स्क्रीन रीडर घातला आणि उत्साहाच्या भरात दोन तासांत सगळं शिकवून टाकलं: मेल, ब्राउझर, यूट्यूब, फाइली. हातात माउस दिला. आवाज जसा येतो तसाच ठेवला, भराभर बोलणारा, इंग्रजी. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हेडफोन काढून ठेवला. आमचं मूळ गाव शहाद्याजवळचं. रागावले की ते अहिराणीत जातात. म्हणाले, "तो काय बोलस, माले समजत नही." आणि फिरायला निघून गेले. पुढे तीन आठवडे लॅपटॉपला हात नाही.

चूक समजायला मला स्वतःला ते शिकावं लागलं. शिकले तेव्हा पहिली गोष्ट कळली की यात माउस नसतोच. सगळा कारभार कीबोर्डचा. पडदा हा प्रकार डोळसांसाठी आहे, डोळ्यांना तो एकदम दिसतो. कानांना एका वेळी एकच गोष्ट ऐकू येते, म्हणून क्रमाने जावं लागतं. अण्णांनी हजिऱ्याच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं स्टोअर सांभाळलं. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, समजा स्टोअरमधले दिवे गेले आहेत. रॅक जागेवर आहेत, बिन कार्डं जागेवर आहेत. टॅब दाबलं की पुढचा कप्पा, शिफ्ट आणि टॅब दाबलं की मागचा. प्रत्येक कप्प्यापाशी एक माणूस उभा आहे, तो कार्ड वाचून दाखवतो." ते म्हणाले, "हे आधी सांगायचं होतंस."

आम्ही जो स्क्रीन रीडर वापरतो त्याचं नाव एनव्हीडीए. तो फुकट आहे आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या तरुणाने 2006 मध्ये तो लिहायला घेतला. तो स्वतः अंध. त्या काळी चांगले स्क्रीन रीडर विकत घ्यावे लागत आणि त्यांची किंमत संगणकाहूनही जास्त असे. त्याला जेम्स टेह येऊन मिळाला, तोही अंध. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात झालेली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी एनव्ही ॲक्सेस ही संस्था काढली, आणि तीच आजही हे काम बघते. त्याचा सगळा कोड खुला आहे, बराचसा पायथॉनमध्ये. कामावर कंटाळा आला की मी तो उघडून वाचते. ज्यांना विकत घेणं परवडतं किंवा ज्यांचं ऑफिस घेऊन देतं ते बऱ्याचदा जॉज वापरतात. तो 1989 पासून आहे आणि त्याचा कर्ता टेड हेंटर हाही अपघातात दृष्टी गेलेला माणूस. आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील, ज्यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली, त्यांनी अशाच पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर अभ्यास करून 2017 ची केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा 124 व्या क्रमांकाने काढली. विंडोजमध्ये नॅरेटर नावाचा एक आयता वाचकही असतो. विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही तीन बटणं एकदम दाबली की तो बोलायला लागतो, तशीच दाबली की गप्प होतो. काहीही डाउनलोड करण्यापूर्वी घरच्या माणसाला नुसतं ऐकवून बघायचं असेल तर तो बरा. ॲपलच्या संगणकांत व्हॉइसओव्हर असतो आणि अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक.

दुसरी सुरुवात आम्ही संक्रांतीनंतर केली. या वेळी रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. एनव्हीडीए घालताना तो स्वतःच बोलायला लागतो, त्यामुळे इन्स्टॉल करण्याचं काम अण्णांनाच करायला लावलं, मी फक्त शेजारी बसले. सुरुवातीला एक खिडकी येते. तिच्यात कॅप्सलॉकला एनव्हीडीएचं खास बटण करण्याची खूण असते, ती लॅपटॉपवाल्यांनी जरूर करावी. नाहीतर इन्सर्ट हे बटण शोधत बसावं लागतं, आणि प्रत्येक कंपनी ते वेगळ्याच कोपऱ्यात दडवते. साइन इन केल्याबरोबर आपोआप सुरू होण्याची खूणही तिथेच असते. बंद पडलाच तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबलं की पुन्हा उठतो.

पहिला आठवडा एकच धडा. खास बटण धरून आकडा 1 दाबायचा. मग जे बटण दाबाल त्याचं नाव तो सांगतो आणि करत काहीच नाही. काही बिघडण्याची भीतीच नाही. अण्णा रोज वीस मिनिटं नुसती बटणं दाबायचे, हार्मोनियम शिकणाऱ्या मुलासारखी. एफ आणि जे या बटणांवर छोटे उंचवटे असतात हे मी इतकी वर्षं टाइप करून विसरून गेले होते. अण्णांच्या बोटांनी ते पहिल्या दिवशी पकडले. आमची लेक शेजारी बसून डोळे मिटून शर्यत लावायची आणि हरायची.

दुसरं बटण कंट्रोल. ते दाबलं की बोलणारा मधेच गप्प होतो. हे अण्णांचं सर्वांत लाडकं बटण. "असं बटण ऑफिसात पाहिजे होतं," हे वाक्य मी आतापर्यंत तीसेक वेळा ऐकलं आहे. बाकी सांगायचं तर हरवल्यासारखं वाटलं की खास बटण आणि टी दाबायचं, म्हणजे कुठल्या खिडकीत आहोत ते कळतं. वेळ हवी असेल तर खास बटण आणि एफ12. वेब पानावर नुसतं एच दाबलं की मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते, बी ने बटणांवर, के ने दुव्यांवर. वर्तमानपत्राच्या साइटवर एच दाबत मथळे ऐकत जायचं आणि आवडला तिथे थांबायचं, हे अण्णांना शिकवावंसुद्धा लागलं नाही. माणूस पेपर असाच वाचतो.

हेडफोन मात्र पहिल्या दिवसापासून वापरा, आणि तोही एकाच कानाला. दोन कारणं. घरातल्या बाकीच्यांना त्या आवाजाचा जाच होतो आणि ते 'जरा हळू करा ना' म्हणतात, मग शिकणारा संकोचतो. दुसरं कारण मला उशिरा कळलं. स्पीकर सुरू असला की अण्णा मेल उघडायचेच नाहीत. जे मोठ्याने वाचलं जातं ते सगळं घर ऐकतं. पासवर्ड टाइप करताना तो अक्षराऐवजी 'स्टार, स्टार' म्हणतो, त्याने अण्णांना जरा धीर आला, पण मी शेजारून बोटांकडे बघते आहे हे त्यांना जाणवत असणारच. एक दिवस म्हणाले, "तू जरा कुकर बघून ये." कुकर लावलेलाच नव्हता. मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच दहा मिनिटं उभी राहिले. त्या दिवशी त्यांनी पहिला पासवर्ड स्वतः बदलला. तो मला आजही माहीत नाही.

आता आवाजाबद्दल. एनव्हीडीएसोबत ईस्पीक नावाचं आवाजाचं यंत्र येतं, त्यात मराठी आहे, गुजराती आहे, अहिराणी अर्थातच नाही. तो आवाज कुणा माणसाचा रेकॉर्ड केलेला नसतो, गणिताने घडवलेला असतो, त्यामुळे पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येतो. अण्णांनी ऐकून विचारलं होतं, "याले सर्दी व्हयनी का?" विंडोजमधले हिंदी, इंग्रजी आवाज त्या मानाने गोड आहेत. पण सर्दीवाल्याचा एक गुण आहे. वेग कितीही वाढवला तरी त्याचे शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. अण्णांनी सुरुवातीला वेग अगदी कमी ठेवला होता. आता तो इतका आहे की शेजारून मला काही कळत नाही आणि त्यांना सगळं कळतं. चमच्यातला च आणि चारातला च आपण वेगळे बोलतो, लिपीत मात्र ते सारखेच दिसतात. तिथे यंत्र कधी कधी पडतं आणि अण्णा त्याला खिशातल्या मुलाला समजावावं तसं दुरुस्त करतात. आकड्यांचा वाद मोठा झाला. एक लाख अठ्ठेचाळीस हजार ही रक्कम इंग्रजी आवाज 'वन हंड्रेड फॉर्टी एट थाउजंड' अशी वाचायचा. "लाख म्हण ना बाबा!" मराठी आवाज लावला तसा तो लाखात बोलू लागला आणि घरात शांतता झाली.

टाइप करायला आम्ही इन्स्क्रिप्ट ही मांडणी घेतली. मी स्वतः रोमन अक्षरांतून मराठी लिहिते, पण तिथे एकेका शब्दाला चार पर्याय समोर येतात आणि ते ऐकत बसणं म्हणजे शिक्षा. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि जे दाबाल तेच उमटतं. दोन उंचवट्यांपैकी जे वर र आहे आणि एफ वर पहिली वेलांटी. अण्णांनी पहिलं अक्षर 'रि' लिहिलं, मग 'रिकामा'. "माझ्यासाठीच आहे," म्हणाले.

ब्रेलचा विचार केला होता का, असं काही जणांनी विचारलं. केला होता. स्वागत थोरात यांनी 2008 मध्ये सुरू केलेलं 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक आहे, हे ऐकून अण्णांना फार कौतुक वाटलं. पण साठी उलटल्यावर, पंचवीस वर्षं लोखंड हाताळलेल्या बोटांना ते सहा ठिपके वेगळे लागेनात. लहानपणी शिकलेल्यांची गोष्ट निराळी.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पुढचं मला लिहायला जड जातं.

स्क्रीन रीडर पडदा 'बघत' नाही. तो प्रत्येक प्रोग्रामला विचारतो, आत्ता जिथे आहोत तिथे काय आहे? नाव काय, प्रकार काय, अवस्था काय? प्रोग्रामने उत्तर दिलं, 'जमा करा, बटण' तर तो तेच बोलतो. प्रोग्रामने नाव दिलंच नसेल तर तो नुसतं 'बटण' म्हणतो. दुव्यावर नुसतंच चित्र ठेवलं आणि त्याचं वर्णन लिहिलं नाही, तर फाइलचं अगम्य नाव वाचत सुटतो. हे नाव, प्रकार, अवस्था द्यायचं काम ज्याने पान बनवलं त्याचं, म्हणजे माझ्यासारखीचं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी मी एनव्हीडीएमधला काळा पडदा लावला. ती एक सोय आहे, स्क्रीन पूर्ण काळी होते आणि फक्त आवाज उरतो. आणि मी स्वतः दोन वर्षांपूर्वी बनवलेला एक फॉर्म भरायला बसले. तो फॉर्म रोज शेकडो लोक भरतात, आणि तेव्हा ऑफिसात त्याच्या देखणेपणाचं कौतुक झालं होतं. टॅब दाबलं: 'बटण'. पुन्हा टॅब: 'बटण'. ती दोन सुंदर चिन्हं होती, एक मदतीचं, एक बंद करायचं. मी त्यांना नावं दिली नव्हती. तारखेचा रकाना टॅबने गाठताच येईना, कारण तो मी बटण न वापरता नुसत्या चौकटीवर क्लिक लावून केला होता. चूक झाली की रकान्याची कड लाल व्हायची. काळ्या पडद्यावर लाल कड. सगळं भरून 'पुढे' दाबलं तर काहीच झालं नाही. वर एक खिडकी उघडली होती आणि मी तिच्या मागच्या पानावरच फिरत होते. चाळीस मिनिटांनी मी पडदा उजळला. फॉर्म मीच लिहिलेला, त्याची ओळ न् ओळ मला पाठ, आणि तो मला भरता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी टीमला सांगितलं. पहिली प्रतिक्रिया आली ती अशी: असे वापरणारे किती असतील? मी म्हटलं, एक माझ्या शेजारच्या खोलीत आहे. दुरुस्तीला एकंदर तीन दिवस लागले. बहुतेक ठिकाणी चौकटीच्या जागी खरं बटण ठेवलं आणि रकान्याला त्याचं नाव जोडलं, एवढंच. एवढंच होतं, म्हणून जास्त लागलं.

अण्णांना मात्र स्वतःचं पेन्शन जमा झालं का ते बघायचं होतं. इतकी वर्षं ते मुलाला विचारत होते आणि तो 'हो, आलं' म्हणत होता. बँकेचं नाव लिहीत नाही. पासवर्डसाठी पडद्यावर आकड्यांची पेटी येते आणि दर वेळी आकडे जागा बदलतात. त्या आकड्यांना नावं नव्हती. बटण, बटण, बटण, दहा वेळा. ते एकेक शोधेपर्यंत वेळ संपली आणि पान बाहेर फेकलं गेलं. असं सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी अण्णांनी मला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात संगणकाबद्दल काही आहे का, असं विचारलं. आहे, कलम 42. शिवाय 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवायसीच्या प्रकरणात निकाल दिला आहे. डोळ्यांची उघडझाप दाखवा, पडद्यावर बघून फोटो काढा, या अटींमुळे अंध आणि ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्या माणसांना खाती उघडता येत नव्हती. न्यायालय म्हणालं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मी हे वाचून दाखवायला लागले तर अण्णा म्हणाले, "दुवा पाठव, मी ऐकतो." संध्याकाळपर्यंत त्यांनी बँकेला पत्र लिहून पाठवलं. मराठीत, इन्स्क्रिप्टमध्ये, सगळं स्वतः. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या नाहीत. पेटी अजून तशीच आहे. त्यांना एका अधिकाऱ्याचा फोन आला, त्याने बँकेचं मोबाइल ॲप टॉकबॅकवर चालतं असं सांगितलं, आणि ते खरोखर चालतं. आता दर महिन्याला अण्णाच मुलाला सांगतात, "पेन्शन आलं."

आपल्या मंडळाबद्दलही एक गोष्ट लिहिते, संपादकांनी रागावू नये. आपली सगळी आमंत्रणं व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून येतात. छान असतात, कडेला तोरण, मधे गणपती. स्क्रीन रीडर त्यातलं काही वाचत नाही. हळदीकुंकू कधी आहे, जागा कोणती, हे अण्णांना कुणाला तरी विचारावं लागतं. चित्राखाली तेच दोन ओळींत टाइप केलं तर काम झालं. आणि आपले जुने वार्षिक अहवाल. ते युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले आहेत. पडद्यावर ते शुद्ध मराठी दिसतं, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्टने त्यांना मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. अण्णांनी स्वतः लिहिलेला अहवाल उघडला तर यंत्र 'एफ, डॉलर, स्लॅश' असं बरळायला लागलं. "हे मी लिहिलेलं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. ते अहवाल युनिकोडमध्ये आणायचं काम मी आणि आणखी दोघी जणी मिळून करतो आहोत. चार वर्षांचं झालं आहे. आणखी कुणाला हात लावायचा असेल तर कळवा.

या वर्षीच्या गणपतीचा हिशेब खजिनदारांनी एक्सेलमध्ये ठेवला आहे. गेल्या महिन्यात अण्णांनी त्यांच्याकडून ती फाइल मागून घेतली. मला वाटलं, नुसतं कुतूहल. एक्सेलमध्ये एनव्हीडीए आधी घरातला मजकूर वाचतो, मग घराचं नाव, उदाहरणार्थ '501, सी 14'. पण नुसत्या सी 14 वरून काय कळणार? शीर्षकांच्या ओळीवर जाऊन खास बटण, शिफ्ट आणि सी दाबलं की तो पुढे एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना 'वर्गणी', 'पावती क्रमांक', 'तारीख' हेही सांगतो. ही एक कळ कळली आणि अण्णा दोन रात्री खोलीतून बाहेर आले नाहीत. जेवणाच्या ताटावरसुद्धा बोटं उजवीकडे, खाली, उजवीकडे अशी चालायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खजिनदारांना फोन लावला. मी पोळ्या करत होते, गॅस बारीक केला. "पावती क्रमांक दोनशे चौदा दोनदा आलाय," अण्णा म्हणाले. "एकदा पाचशे एक, एकदा एकशे एक. एकात तुमची चूक आहे. पावतीपुस्तक बघा." पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग काय आलं ते मला ऐकू गेलं नाही, पण अण्णा हसले.

हा लेख पाठवण्याआधी अण्णांनी तो ऐकला. कंट्रोलचं बटण दोनदाच दाबलं, एकदा दोन हजार रुपयांपाशी आणि एकदा कुकरपाशी. मी विचारलं, काढू का? म्हणाले, "राहू दे. कुकरचं तुला कळलं होतं होय?"

खजिनदार येत्या रविवारी घरी येणार आहेत, मूळ पावतीपुस्तकं घेऊन. पावत्या हाताने लिहिलेल्या आहेत, कार्बनच्या पुसट प्रती. त्या एनव्हीडीएला वाचता येणार नाहीत, मी दोन वेळा स्कॅन करून पाहिलं आहे. त्या मी वाचून दाखवणार, अण्णा फाइलशी ताळा करणार. सकाळी दहाला बसायचं ठरलं आहे.